गुण्या

काटकोन (९०° चा कोन) आखण्यासाठी व तो बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी गवंडी, सुतार, जोडारी व यंत्रकारागीर वापरतात ते साधन. यालाच काटकोन्या असेही म्हणतात. सामान्यतः यात एक जाड दांडा व त्याला काटकोनात बसविलेले पातळ पाते असे दोन भाग असतात. दांडा वस्तूच्या एका पृष्ठाला टेकवून पाते दुसऱ्या पृष्ठावर आणले म्हणजे पात्याची कडा व पृष्ठ यांमध्ये दिसणाऱ्या प्रकाशाच्या फटीवरून काटकोनातील चूक समजते. ओळंबा व पाणसळ यांच्याप्रमाणेच हे साधन अतिप्राचीन आहे. दिसावयास अगदी साध्या अशा या साधनाच्या किंमतींत मात्र कित्येक पटींचे अंतर आढळते. हे अंतर कशामुळे पडते आणि ते केव्हा सार्थ ठरते, हे गुण्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

प्राचीन काळ : ईजिप्तमध्ये गुण्याचा उपयोग इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात रूढ होता. अठराव्या राजवंशातील रेख्मिरे या वजीराच्या थडग्यातील भित्तिचित्रांत काम करीत असलेल्या सुतारांजवळ गुण्या दाखविलेला आहे. डेर एल्-मदीना येथील सेन्नेजेम या कारागिराचे थडगे १८८६ मध्ये उघडण्यात आले. त्यात लाकडी गुण्या व ओळंब्यावर चालणारी सपाटी पाहण्याची साधने मिळाली. कारागिराने परलोकातही आपली हत्यारे बरोबर नेावीत, एवढे त्यांचे महत्त्व त्या समाजात होते. मात्र ईजिप्शियनांच्या अचूकतेचा खरा पुरावा त्यांच्या बांधकामांत आहे. गीझा येथील खूफूच्या पिरॅमिडाच्या तळाची बाजू सुमारे २३० मी. आहे. जे. एच. कोल यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार त्याच्या चार कोपऱ्यांपैकी सर्वांत सदोष कोपऱ्यातही काटकोनापासूनची चूक सुमारे साडेतीन मिनिटे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) इतकीच आहे. इतक्या मोठ्या आकारमानावर ही अचूकता हाती धरण्याच्या गुण्याने साधणे अशक्य आहे. लहान गुण्याच्या पात्यावर डोळ्यांना न जाणवणारी चूक २३० मी. अंतरावर हातभर होते. म्हणून मोठ्या बांधकामात काटकोन दोरीने व भूमितीने काढावा लागतो आणि गुण्याचा उपयोग दगड घडविण्यापुरता उरतो.

दोरीने काटकोन काढण्याच्या रीतीचे सर्वांत सुस्पष्ट प्राचीन विवेचन भारतातील शुल्बसूत्रांत आढळते. ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. यज्ञवेदीचे क्षेत्रफळ व आकार शास्त्राप्रमाणे असणे धार्मिक दृष्ट्या आवश्यक असल्याने वेदी आखण्याची कृती या ग्रंथांत तपशीलवार दिली आहे. दोरीवर ठराविक अंतरांवर खुणा करून तिची टोके दोन खुंट्यांना बांधावयाची व मधल्या खुणेशी धरून ती ताणावयाची, म्हणजे काटकोन मिळतो. आपस्तंब शुल्बसूत्रात यासाठी ३, ४, ५. ५, १२, १३. ८, १५, १७ आणि १२, ३५, ३७ या प्रमाणांतील काटकोन त्रिकोण वापरलेले आहेत. कात्यायन शुल्बसूत्रात शंकूच्या छायेवरून पूर्व-पश्चिम रेषा ठरविण्याची रीत आहे. पायाची आखणी करताना तीन, चार व पाच हातांची किंवा फुटांची दोरी ताणण्याची गवंड्यांची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात ३, ४ व ५ या लांबीच्या तीन पट्ट्या जोडून गुण्या तयार करण्याची रीत दिली असून तिचे श्रेय पायथॅगोरस यांना दिले आहे. कारागीर मोठ्या खटपटीने जो गुण्या बनवितात तो क्वचितच अचूक निघतो, पण या रीतीने तो निर्दोष होतो, असा त्याचा अभिप्राय आहे. हा अभिप्राय दोन दृष्टींनी लक्षणीय आहे. बाजारात चांगले व वाईट गुणे असतात ही जाणीव दोन हजार वर्षांपूर्वीही होती, हे त्यावरून दिसते. शिवाय चांगला गुण्या ओळखण्याची कसोटी बनविणाऱ्याच्या नावात नसून भूमितीत आहे, हेही त्यात गृहीत धरलेले आहे. लॅटिन भाषेत गुण्याला ‘नॉर्मा’ म्हणत. यूरोपीय भाषांतील नियम व प्रमाण या अर्थांचे अनेक शब्द त्यावरूनच आले आहेत. चिनी भाषेतही कंपास व गुण्या यांच्या जोडनावाला नियम, शिस्त असा अर्थ प्राप्त झाला असून हान काळातील शिल्पांत फू-शी व नू-वा या पौराणिक जोडप्याच्या हातांत गुण्या व कंपास दाखविलेले असतात.

लाकूड ते पोलाद : अठराव्या शतकापर्यंत बहुतेक गुणे लाकडाचे असत. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार फुगते व आकसते. हा फरक तंतूंच्या दिशेने कमी व तंतूंना आडवा जास्त असल्याने पावसाळ्यात बरोबर असलेला लाकडी गुण्या उन्हाळ्यात चुकू शकतो. यावर उपाय म्हणून शिसवीसारख्या कठीण लाकडाच्या दांड्यात पोलादी पाते बसवून ते रिव्हेटांनी पक्के करण्याची व दांड्याच्या आतील कडेला झीज टाळण्यासाठी पितळी पट्टी लावण्याची पद्धत रूढ झाली. सुतारकामातील गुण्याचे हे रूप अद्यापि टिकून आहे. घरबांधणीतील मोठा, एकसंध पोलादी गुण्या अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रचारात आला. व्हरमाँट राज्यातील शाफ्ट्सबरी येथील सायलस हॉझ या लोहाराने जुन्या करवतींची पाती जोडून असे गुणे तयार केले, असे सांगितले जाते. पुढे त्या गावी या धंद्याची मोठी वाढ झाली.

यंत्रयुग व अचूकता : वाफेच्या एंजिनाबरोबर अचूकतेची गरज एकदम वाढली. दट्ट्या, सिलिंडर व भुजा हे भाग परस्परांशी ठराविक कोनांत नसतील, तर दट्ट्या एका बाजूने घासतो, वाफ गळते व धारवे तापतात. लंडनमधील हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) यांनी आपल्या कर्मशाळेत प्रत्येक कारागिराजवळ सपाट पृष्ठाचा तक्ता ठेवण्याचा प्रघात पाडला. त्यांच्याकडे काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांनी असे तक्ते बनविण्याची पद्धत पूर्णत्वास नेली व १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे ती मांडली. दोनच तक्ते एकमेकांवर घासून जुळविले, तर एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट राहूनही ते जुळू शकतात. परंतु तीन तक्ते आळीपाळीने दोन-दोन जुळविले आणि प्रत्येक जोडी जुळली, तर तिन्ही सपाटच असले पाहिजेत. रंग लावून उंचवटे शोधावयाचे व ते खरवडणीने काढावयाचे, ही कृती त्यांनी घासण्याऐवजी रूढ केली.

हेच तत्त्व गुण्याला लागू पडते. तीन गुणे सपाट तक्त्यावर दोन-दोन असे पाठीला पाठ लावून उभे केले व प्रत्येक जोडीत प्रकाशाची फट दिसली नाही, तर प्रत्येक जोडीतील दोन कोनांची बेरीज १८०° ठरते. पहिला व दुसरा, दुसरा व तिसरा, तिसरा व पहिला या तिन्ही बेरजा १८०° असतील, तर प्रत्येक कोन ९०° च असला पाहिजे. येथे काटकोनाचे लांबीच्या मापाहून असलेले वेगळेपण लक्षात येते. मीटर किंवा इंच हे माणसाने ठरविलेले माप आहे. ते कोठे तरी जतन करावे लागते व त्याच्या प्रती कर्मशाळेपर्यंत पोहोचवाव्या लागतात. काटकोन हा वर्तुळाचा चौथा भाग असल्याने तो कोणत्याही मूळ प्रतीवाचून, कोणत्याही गावात नव्याने सिद्ध करता येतो. सपाट तक्ता, चांगली नजर व चिकाटी एवढेच भांडवल त्यास पुरते.

संयुक्त गुण्या व कारखानदारी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बंदुका, शिवणयंत्रे इत्यादींचे सुटे भाग अदलाबदल करता येतील असे बनविण्याची पद्धत पसरली. त्यामुळे अचूक मापनसाधने विकत मिळू लागली. प्रॉव्हिडन्स (ऱ्होड आयलंड) येथील ब्राउन अँड शार्प ही कंपनी या क्षेत्रात अग्रेसर होती. मांस बारीक करण्याच्या यंत्रामुळे आधी ख्याती पावलेले लारॉय स्टॅरेट (१८३६–१९२२) यांनी संयुक्त गुण्याचे एकस्व १८७९ मध्ये मिळविले व १८८० मध्ये अॅथॉल (मॅसॅचूसेट्स) येथे कारखाना काढला. संयुक्त गुण्यात खाच पाडलेली पोलादी मोजपट्टी एका डोक्यातून सरकते व हव्या त्या ठिकाणी स्क्रूने आवळता येते. डोक्याची एक बाजू ९०° व दुसरी ४५° कोन देते. डोके बदलून त्याच पट्टीवर गोल दांड्याचे केंद्र काढता येते किंवा कोनमापक बसविता येतो. आखणी, खोली मोजणे व काटकोन तपासणे ही तिन्ही कामे एकाच साधनाने होऊ लागल्याने ते सर्वत्र लोकप्रिय झाले. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे १९०६ मध्ये स्थापन झालेली मूर अँड राइट आणि जपानमध्ये १९३४ मध्ये स्थापन झालेली मितुतोयो या कंपन्यांनी पुढे मापनसाधनांत नाव मिळविले. स्वीडनमधील सी. ई. योहान्सन (१८६४–१९४३) यांच्या मापठोकळ्यांमुळे लांबीचे अचूक माप थेट कर्मशाळेत पोहोचले आणि गुण्यातील चूकही आकड्यांत मांडणे सुलभ झाले.

दर्जाचे वर्ग : विसाव्या शतकात राष्ट्रीय मानकांनी गुण्यांचे वर्ग ठरविले. जर्मनीच्या डीआयएन ८७५ या मानकात ००, ०, १ व २ असे चार वर्ग आहेत. पात्याच्या १०० मिमी. लांबीच्या टोकाशी या वर्गांना अनुक्रमे ३, ७, १५ व ३० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) इतकी चूक क्षम्य आहे. ३०० मिमी. लांबीस हेच आकडे ५, ११, २५ व ५० असे होतात. ब्रिटिश मानक ९३९ मध्ये संदर्भासाठी एए, तपासणीसाठी ए व कर्मशाळेतील वापरासाठी बी असे वर्ग आहेत. भारतीय मानक २१०३ हे जोडारी व यंत्रकारागीर यांच्या गुण्यांविषयी आहे.

या आकड्यांचा अर्थ कोनात पाहणे उद्बोधक आहे. १०० मिमी. टोकाशी ३० मायक्रोमीटर चूक म्हणजे सुमारे एक मिनिट होय. म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाचा गुण्याही खूफूच्या पिरॅमिडाच्या सर्वांत सदोष कोपऱ्याहून सुमारे साडेतीन पट अचूक असतो. ०० वर्गाच्या गुण्यात ही चूक सहा सेकंदांच्या आसपास येते. पात्याची कडा सुरीसारखी धारदार असेल व मागे चांगला प्रकाश असेल, तर सरावलेल्या डोळ्याला दोन-तीन मायक्रोमीटरची फट दिसू शकते. यावरून सर्वोच्च वर्ग हा साध्या नजरेच्या मर्यादेशी येऊन ठेपतो, हे लक्षात येईल.

मोल व उपयुक्तता : एका वर्गातून वरच्या वर्गात जाताना क्षम्य चूक साधारण निम्मी होते, पण किंमत त्याहून पुष्कळ अधिक वाढते. पोलाद कठीण केल्यावर त्यातील अंतर्गत ताण घालविण्यासाठी ते पुन्हा ठराविक तापमानात ठेवावे लागते. नाही तर वर्ष-दोन वर्षांत पाते वाकते. त्यानंतर शाणन, हाताने घासून शेवटचा हात देणे, तपासणी आणि नापास नगांचा तोटा यांचा खर्च येतो. स्वस्त व महाग गुण्यांतील फरक प्रथम दिसतो तो आकड्यांत नव्हे, तर या टिकाऊपणात. स्वस्त गुण्यांतील एखादा नग नवा असताना उत्तम निघू शकतो. पण शंभर नगांपैकी प्रत्येक तसाच निघेल आणि पाच वर्षांनी तसाच राहील, ही खात्री महाग वस्तूच्या किंमतीत समाविष्ट असते.

संयुक्त गुण्याच्या बाबतीत डोक्याच्या आतील ज्या दोन अरुंद कडांवर पट्टी टेकते त्या कडांचे काम निर्णायक असते. त्या ओबडधोबड असल्या, त्यांत धातूचा कीस अडकला किंवा त्या झिजल्या, तर पट्टी कितीही चांगली असली तरी कोन चुकतो. बिडाचे डोके स्वस्त पडते. घडीव व कठीण केलेल्या पोलादाचे डोके महाग असले, तरी ते पडल्यास सहसा फुटत नाही व कमी झिजते. सरकणाऱ्या भागामुळे संयुक्त गुण्या हा कितीही चांगला असला, तरी आखणीचे साधन होय. तपासणीसाठी पाते पक्के बसविलेला जोडाऱ्याचा गुण्याच वापरणे योग्य ठरते. त्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेली छोटी खोबण शोभेची नसून वस्तूच्या कडेवरील कंगोरा तेथे सामावून जावा यासाठी असते.

कोणता वर्ग घ्यावा हे कामाच्या क्षम्य चुकीवरून ठरते. मापनसाधनातील चूक कामाच्या क्षम्य चुकीच्या दहाव्या, निदान चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असू नये, असा परंपरागत नियम आहे. १०० मिमी. लांबीत ०·१ मिमी. चूक चालत असेल, तर १५ मायक्रोमीटरचा गुण्या पुरेसा होतो. अशा ठिकाणी ०० वर्गाचा गुण्या घेऊन तो कानशी व हातोड्यांच्या पेटीत टाकणे हा दुहेरी अपव्यय होय. पैसे जातात आणि काही महिन्यांत अचूकताही जाते. याउलट दंतचक्रपेटीच्या कवचात धारव्याचे छिद्र पृष्ठाशी काटकोनात नसेल, तर दंड एका बाजूने दाब देतो व धारवा अकाली निकामी होतो. तेथे गुण्यावरची काटकसर शेवटी महाग पडते. लहान कर्मशाळेने रोजच्या कामासाठी मध्यम वर्गाचे गुणे व ते ताडून पाहण्यासाठी पेटीत जपून ठेवलेला वरच्या वर्गाचा एक गुण्या बाळगावा, ही व्यवस्था सर्वांत किफायतशीर ठरते. सुटे भाग पुरविणाऱ्या कर्मशाळेचा गुण्या व माल घेणाऱ्या कारखान्याचा गुण्या यांत तफावत असेल, तर प्रामाणिकपणे केलेला मालही नापास होतो व त्याचा भार बहुधा दुर्बल बाजूवर पडतो. म्हणून स्वतःजवळ पडताळ्याचे साधन असणे हा लहान उद्योजकाचा आधार आहे.

पडताळा : गुण्याची सर्वांत जुनी व बिनखर्ची तपासणी उलटवून पाहण्याची आहे. कडा सरळ असलेल्या फळीवर किंवा पत्र्यावर दांडा कडेला टेकवून पात्यालगत बारीक रेषा मारावी. नंतर गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेषा मारावी. दोन्ही रेषा एकच आल्या, तर कोन बरोबर आहे. त्या फाकल्या, तर टोकाशी असलेल्या अंतराच्या निम्मी गुण्याची चूक असते. चूक दुप्पट होऊन दिसते हा या रीतीचा गुण आहे. मात्र फळीची कडा सरळ नसेल, तर निष्कर्ष फसवा ठरतो. अधिक अचूक तपासणीसाठी तक्त्यावर उभा केलेला दंडगोल वापरतात. केंद्रांवर फिरवून शाणन केलेल्या दंडगोलाचे तळपृष्ठ त्याच्या अक्षाला काटकोनात असल्यास त्याची प्रत्येक बाजू उभी असते, आणि तो फिरवून पाहिला असता त्यातील दोष आपोआप उघड होतो. ग्रॅनाइटाचे चौकोनी गुणेही वापरात आले आहेत. त्यांच्या चारही कोनांची बेरीज ३६०° च असावी लागत असल्याने तेही स्वतःचा पडताळा स्वतः देतात.

तापमानाच्या बाबतीत गुण्याला एक लाभ आहे. लांबीच्या मापनासाठी २०° से. हे संदर्भ तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय रीत्या स्वीकारण्यात आले. ४०° से. तापमानाच्या कर्मशाळेत मोजपट्टी लांब होते, पण सर्व भाग सारखे तापल्यास गुण्याचा कोन बदलत नाही. मात्र हाताच्या उबेने एकच बाजू तापली, तर तो बदलतो. म्हणून तपासणीचा गुण्या हातात फार वेळ धरू नये. पडलेला गुण्या पुन्हा तपासल्यावाचून वापरू नये. एकसंध पोलादी गुण्यात चूक आल्यास आतील कोपऱ्याजवळ पंचाने ठोका देऊन कोन किंचित वाढविता येतो व बाहेरील कोपऱ्याजवळ ठोकून तो कमी करता येतो. जोडाऱ्याच्या अचूक गुण्यावर मात्र हा प्रयोग करू नये.

भारतातील स्थिती : मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांतून यंत्रकामाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. तेथे यांत्रिक रेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे कारखाना उभारला. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानक संस्था (१९४७, १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो), नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा व बंगलोर येथील केंद्रीय यांत्रिक हत्यारे संस्था (१९६२, आताची केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था) यांच्यामुळे मानके व अंशनाची सोय देशातच झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडाऱ्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी अगदी प्रारंभीच्या धड्यांत मऊ पोलादाचा तुकडा कानशीने घासून, गुण्या लावून व प्रकाशाकडे धरून काटकोनात आणावयास शिकतो.

सहनिर्देशक मापनयंत्रे, लेसर व स्वयंसमांतरक दुर्बिणी यांनी प्रयोगशाळेतील काटकोनाच्या तपासणीचे स्वरूप पालटले आहे. मापनयंत्राचे अक्ष परस्परांशी काटकोनात आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी मात्र उलटवून पाहण्याचे जुने तत्त्वच उपयोगी पडते. मीटराची व्याख्या १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगावरून नव्याने करण्यात आली. काटकोनाची व्याख्या बदलावी लागलेली नाही. उत्तम गुण्याला अधिक किंमत देणे पुष्कळदा योग्य असते, परंतु तो उत्तम आहे किंवा नाही हे ठरविण्याचा अधिकार सपाट तक्ता व सरळ कडा बाळगणाऱ्या कोणत्याही कारागिराच्या हाती राहिलेला आहे.